बळ कोणाचं?

आजचा श्लोक : गीता, अध्याय ७, श्लोक ११

बलवानांचं बळ मी आहे, असं भगवंत इथे सांगतात. पण लगेच अट घालतात, ते बळ काम आणि राग यांच्याशिवायचं हवं. शंकराचार्यांच्या भाष्यात यांचा अर्थ असा आहे : जे मिळालेलं नाही त्याची तहान म्हणजे काम आणि जे मिळालंय त्यात रंगून जाणं म्हणजे राग. (हा राग म्हणजे चिडणं नव्हे.) देह टिकवण्यापुरतं जे बळ, तेवढं भगवंताचं.

गेल्या पावसाळ्यात बाबा बाथरूममध्ये घसरून पडले. मला त्यांना उचलता आलं नाही. वय चौतीस, दिवसभर लॅपटॉपसमोर. शेजारचा मुलगा आला तेव्हा ते उठले. देह नश्वर आहे, त्याचे लाड कशाला, असं मी तोवर म्हणायचो. खरं तर तो आळस होता, वैराग्याचं नाव दिलेला.

मग जिम लावली. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर हेच स्नायू ओढून घेतात, आणि वजन पेललं की हाडंही घट्ट राहतात. आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंचा व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. सहा महिन्यांत मी ८० किलोची डेडलिफ्ट मारली आणि आरशासमोर फोटो काढत बसलो. काम आणि राग, दोन्ही एकाच फोटोत!

आपल्या नाशिकच्या टाकळीला समर्थ रामदासांनी १२ वर्षं तप केलं. तिथे ते रोज १२०० सूर्यनमस्कार घालत, अशी परंपरा आहे. आकड्यावर वाद घाला हवं तर. मला अडतं ते दुसरीकडेच : त्या नमस्कारांचं तोंड सूर्याकडे होतं, माझं आरशाकडे. व्यायाम तोच, घामही तोच. मग बळ कोणाचं झालं?

बाबांना दवाखान्यात न्यायचं म्हणून जिम बुडली की मी अजून चिडतो. ज्यांना उचलता यावं म्हणून सुरू केलं, त्यांच्यावरच.

हल्ली बाबा रोज हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठतात. मोजायचं काम माझं. काल मी फोनमध्ये बघत होतो, आकडा चुकला. ते काही बोलले नाहीत, पुन्हा एकपासून सुरू केलं.