विहिरीतील उडी

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. तळ्याच्या गडाखालच्या एका वाडीतून भर दुपारी चाललो असता विहिरीकडून धपकन आवाज आला आणि पाठोपाठ मुलांचा गलका ऐकू आला. मुंबईहून सुटीसाठी आलेली पाच-सहा मुले कठड्यावरून विहिरीत उड्या मारीत होती. तळाशी पुरुषभर पाणी उरले होते आणि तेही ढवळून पिवळे झाले होते. मी संतापलो. "हा काय थिल्लरपणा! चांगल्या घरची मुले ना तुम्ही?" असे काहीसे ओरडलो. बाकीची पळाली. एक मात्र ओल्या अंगाने तसाच उभा राहिला. मित्राच्या गावी पाहुणा आलेला हा मुलगा आपल्यापैकीच होता, आजोळ बार्देशातले. तो शांतपणे म्हणाला, "फादर, आमच्या आजीच्या गावी सांजांवला सगळेच विहिरीत उड्या मारतात. आधी चर्चमध्ये मिस्साही होतो. मग इथं ते पाप कसं?"

मी साप, निसरडे दगड, मोडलेले पाय वगैरे काहीतरी सांगून निघून आलो. उत्तर खोटे नव्हते, पण ते माझ्या रागाचे कारणही नव्हते.

गोव्याचा हा सण वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. २४ जून हा संत योहान बाप्तिस्ता ह्याचा जन्मदिन, नाताळच्या बरोबर सहा महिने आधीचा. गर्भवती पवित्र मरिया एलिझाबेथला भेटावयास गेली तेव्हा एलिझाबेथच्या उदरातील बाळाने आनंदाने उडी मारली, असे संत लूक सांगतो. ती उडी गोव्याच्या लोकांनी अक्षरशः उचलली. डोक्यावर पानाफुलांचे कोपेल, हातात घुमट, मुखी योहानाचा जयजयकार अशी मंडळी वाड्यावाड्यांतून फिरते आणि ज्याच्या विहिरीत उड्या मारायच्या त्याच्या दारी जाते. नव्या जावयाचा त्या दिवशी विशेष मान. घरधनी फणस, आंबे, अननस आणि अर्थातच फेणी पुढे करतो. (ज्याने जन्मभर मद्याला स्पर्श करू नये असे देवदूताने सांगितले होते, त्याच्याच सणाला फेणीचा पूर यावा, ह्यावर योहान स्वर्गात काय म्हणत असेल ते तोच जाणे.) घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि आता बकऱ्याचे कातडे लावतात. सण त्यामुळे उणा झालेला नाही.

आम्हांला सेमिनरीत गांभीर्याचे धडे फार मिळाले. हसणे हे जणू जेवणानंतरच्या अर्ध्या तासापुरते मंजूर केलेले होते. म्हणून संत थॉमस अक्वायनस प्रथम वाचताना मी चकित झालो होतो. खेळ आणि विनोद ह्यांत रमण्याचा एक सद्‌गुण असतो, असे तो अॅरिस्टॉटलच्या आधाराने मांडतो. एवढेच नव्हे, तर जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालतो, त्याच्या वागण्यातही तो दोष पाहतो. तेथे तो प्रेषित योहानाची एक जुनी कथा देतो. शिष्यांसमवेत खेळताना पाहून कोणी नाराज झाले, तेव्हा योहानाने जवळच्या धनुर्धराला विचारले, हे धनुष्य तू सतत ताणून ठेवशील काय? तो म्हणाला, मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच, असे योहानाचे उत्तर. ह्या न्यायाने त्या दुपारी वाडीत दोष कोणाचा होता? 'थिल्लरपणा' हा शब्द मी वापरला होता. मी उडीला नव्हे, आनंदालाच दोष दिला होता.

तरीही काहीतरी चुकत होते, हेही खरे.

हाच सण फ्रान्समध्ये अगदी उलट्या वस्तूने साजरा होतो. तेथे तो ऐन उन्हाळ्यात, वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसांच्या सुमारास येतो. गावोगावी संत योहानाच्या नावाने होळी पेटवीत आणि निखारे निवू लागले की तरुण जोडपी हातात हात घालून त्यांवरून उड्या मारीत. काही गावांत ती आजही पेटते. फ्रेंच माणसाला उन्हाळ्याचे वेड आहे. १९३६ साली कायद्याने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली तेव्हापासून तर ते हक्काचेच झाले. जुलैतील सायकल शर्यत १९०३ पासून चालू आहे. काही क्षणांत सर्रकन निघून जाणारे स्वार पाहण्यासाठी लोक तासन्‌तास रस्त्याकडेला बसतात. १४ जुलैच्या राष्ट्रीय दिनी रात्री आतषबाजी ठरलेलीच. पण २०२२ च्या जुलैत रान कोरडेठाक पडले आणि नैर्ऋत्येकडील झिरोंद भागात मोठे वणवे पेटले. तेव्हा अनेक गावांनी ती आतषबाजी रद्द केली. दारू तीच, आकाशही तेच. खालचे गवत तेवढे वाळले होते.

अक्वायनसच्या नीतिशास्त्रात कृतीच्या परिस्थितीला मोठे स्थान आहे. चोरी ती चोरीच, पण पवित्र स्थानातून केली तर ती नुसती चोरी राहत नाही, तिची जातच बदलते, असे उदाहरण तो देतो. विद्यार्थिदशेत मला ही पळवाट वाटे, म्हणजे 'परिस्थिती' म्हटले की सारे माफ. आता उलट वाटते. परिस्थिती पाहणे म्हणजे त्या जागी आणखी कोण उभे आहे ते पाहणे. जूनअखेर गोव्याची विहीर भरत आलेली असते. धन्याची परवानगी विचारलेली असते आणि तो काठावर फळे घेऊन उभा असतो. तळ्याच्या विहिरीच्या काठावर मे महिन्यात रिकामे हंडे उभे असतात.

पॅरिसचे उदाहरण मला ह्याहून बोलके वाटते. सेन नदीत पोहण्यास १९२३ साली बंदी झाली. २०२५ च्या जुलैत तीन ठिकाणी ती उठली, शंभराहून अधिक वर्षांनी, आणि नदी स्वच्छ करण्यावर सुमारे १४० कोटी युरो खर्च झाल्यावर. मोठा पाऊस झाला की आजही तेथे पोहणे थांबवितात. एका उडीसाठी एवढा खटाटोप! पण आनंदाची किंमत आधी कोणीतरी चुकती केली होती, आणि ती काठावरच्या दुसऱ्याच्या घशातून काढलेली नव्हती.

येथे माझी मलाच अडचण होते. आमच्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर सुटीतील पाहुण्यांसाठी निळ्याशार पोहण्याच्या तलावांची विश्रामगृहे आहेत. आत डोंगरातील वाड्या टँकरची वाट पाहत असतात तेव्हाही ते तलाव भरलेले असतात. अशाच एका तलावाकाठी, एका लग्नाच्या मेजवानीत, मी त्याच उन्हाळ्यात थंड सरबत प्यायलो होतो. तेथे मी कोणावर ओरडलो नाही. तसे मनातसुद्धा आले नाही. मुले हाकेच्या अंतरावर होती, उघडी होती, लहान होती, म्हणून माझा धर्म त्यांच्यावर चालला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वाडीत गेलो. मुलांना काय सांगायचे ते आता ठरले होते. पण मुले समुद्रावर गेली होती. विहिरीवर एक म्हातारी पोहरा सोडून बसली होती. पाणी पुन्हा निवळले होते. मी काल ओरडलो ते तिने ऐकले होते. म्हणाली, "फादर, पोरांना लय बोललाव. पाणी ढवळलं तवा राग मला पण आला. पण पोरं हाईत. पाऊस पडू द्या, मग मीच सांगेन, मारा उड्या."

ह्या वर्षी २४ जूनला छत्री घेऊन मी मुद्दाम त्या विहिरीवर गेलो. पाणी वर चढले होते, हात लांबवला तर बोटे भिजतील इतके. म्हातारी ओसरीवर भात पाखडत होती.

"पोरं कुठायत?" मी विचारले.

"शाळा लागल्या ना. आता गणपतीला येतील."