"हे खरंच घडलं का?"

नोहाचा पाराशा वाचला गेला त्या शब्बाथच्या दुपारी माझ्या नातवाने विचारले, "सबा, जगातली सगळी जनावरं एका तारवात मावली? हे खरंच घडलं का?" मी म्हणालो, "तोरात लिहिलंय ना!" तो गप्प झाला. पण त्याला उत्तर मिळाले नव्हते, आणि ते मलाही कळत होते.

वाचकहो, हाच प्रश्न सुमारे १६० वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत एका ख्रिस्ती धर्मगुरूला विचारला गेला होता. जॉन विल्यम कोलेन्सो हे नाताल प्रांताचे अँग्लिकन बिशप. मूळचे गणिताचे शिक्षक. त्यांची अंकगणिताची पुस्तके इंग्लंडच्या शाळांतून चालत. नातालमध्ये ते झुलू भाषा शिकले व बायबलचे भाषांतर करू लागले. जलप्रलयाचा भाग चालू असता त्यांचे झुलू सहकारी विल्यम एन्गिडी यांनी विचारले, उष्ण व थंड देशांतील सारी जनावरे जोडीजोडीने आली आणि नोहाने त्यांना खाऊ घातले, हे तुम्ही खरे मानता काय?

कोलेन्सोंनी भूगर्भशास्त्र वाचले होते. साऱ्या पृथ्वीवर असा प्रलय झाला नाही, हे ते जाणून होते. "हो" म्हणणे सोपे होते. पण परमेश्वराच्या नावाने खोटे बोलणाऱ्याचा जखऱ्या नबीने केलेला धिक्कार त्यांना आठवला, आणि त्यांची जीभ अडली.

मग त्यांनी मोशे रब्बेनूंची पाच पुस्तके हिशेबाच्या कसोटीवर तपासली. १८६२ साली त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग निघाला. वीस वर्षांवरील पुरुष ६,०३,५५० आणि ज्येष्ठ पुत्र मात्र २२,२७३. तर मग प्रत्येक आईला सरासरी बेचाळीस मुलगे हवेत! मिश्कानचे अंगण १०० हात लांब व ५० हात रुंद. त्याच्या दाराशी सारी मंडळी जमली कशी? त्यांचा निष्कर्ष असा की, ही पुस्तके ईश्वराकडे नेतात, परंतु घडलेल्या इतिहासाची नोंद म्हणून ती धरता येत नाहीत.

चर्च खवळले. केपटाऊनचे बिशप रॉबर्ट ग्रे यांनी १८६३ साली खटला चालवून त्यांना पदच्युत केले. ग्रे यांना तसा अधिकारच नव्हता, असे १८६५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ठरवले. शिकवण खरी की खोटी, यात ती पडली नाही. पुढे ग्रे यांनी त्यांना बहिष्कृत केले आणि १८६९ मध्ये त्यांच्यावर दुसरा बिशप आणून बसवला. कोलेन्सो १८८३ साली मरेपर्यंत आपल्या जागेवरून हटले नाहीत. झुलू लोक त्यांना सोबांतू, म्हणजे जनतेचा पिता, म्हणत; कारण ह्लुबी लोकांचे प्रमुख लांगालिबालेले यांच्यावर १८७४ साली सरकारने अन्याय केला, तेव्हाही हा माणूस खरेच बोलला.

ग्रे यांचीही बाजू आहे, ती टाळू नये. ज्या चर्चचा पगार घ्यायचा, त्याच्याच पायाला सुरुंग लावायचा, हे प्रामाणिकपणाचे आहे काय? नवीन डीकनला दीक्षा देताना, "पवित्र शास्त्रावर तुझा मनापासून विश्वास आहे ना?" असे विचारणे हे बिशपचेच काम. ज्याचा स्वतःचा विश्वास डळमळला, त्याने राजीनामा का देऊ नये?

मला वाटते, शंका घेणाऱ्यांनी निघून जावे असे ठरले, तर आत फक्त न विचारणारे आणि न सांगणारे उरतील. अशा घराची भिंत उभी दिसते, पण तिला आतून वाळवी लागलेली असते.

आपल्या परंपरेत प्रश्नाला जागा आहे. देवारीमच्या शेवटच्या आठ ओळींत मोशे रब्बेनूंचा मृत्यू येतो. त्या त्यांनी स्वतः कशा लिहिल्या? गेमारात एक मत म्हणते, त्या यहोशुआने लिहिल्या. दुसरे म्हणते, मोशेनेच रडत लिहिल्या. दोन्ही मते जपून ठेवली, कोणाला बाहेर काढले नाही. अर्थात ही शंका आठ ओळींपुरती. कोलेन्सोंची साऱ्या तोराला भिडणारी. तिला आपल्याही सिनेगॉगमध्ये सुखाने जागा मिळाली असती, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

पुढच्या शब्बाथला मी नातवाला जवळ बसवले. म्हटले, "बाळा, हे असंच घडलं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण जुलूम माजला म्हणून ते जग बुडालं, असं तोरा सांगते. ते मात्र मी खरं मानतो." त्याने लगेच विचारले, "मग गेल्या वेळी असं का नाही सांगितलंस?"

त्याला काय उत्तर द्यावे, ते अजून सुचलेले नाही.