फक्कीचा चार

आमच्या पिढीतल्या निम्म्या मास्तरांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालायला आलेल्या आईबापाला जन्मतारीख सांगता यायची नाही, मग हेडमास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्या हिशेबाने आमचे गुरुजी ३१ मे २०२३ ला निवृत्त झाले. अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे भंडारदऱ्याच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथल्या शाळेत त्यांनी पहिलीचा वर्ग कधी सोडला नाही. ‘वरचे वर्ग कुणीही शिकवील, पहिलीला माणूस लागतो,’ असं ते म्हणायचे. मला तिसरी-चौथी दिलेली असल्याने हे वाक्य मी दरवेळी गिळायचो.

गुरुजींची स्प्लेंडर २००४ सालची. एकशे बारा किलोची ती गाडी भातखाचरांच्या कडेने, शेणामातीतून, आषाढातल्या धुक्यातून एकोणीस वर्षं शाळेत आली. चिखलात रुतली की गुरुजी खाली उतरायचे, मागचं चाक हाताने उचलायचे आणि बाजूच्या दगडावर ठेवायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

निवृत्तीचे पैसे हातात आले आणि गुरुजींनी हिमालयन घेतली. चारशे अकरा सीसी, वजन जवळजवळ दोनशे किलो. काकूंना मागे बसवून नर्मदेची परिक्रमा करायची होती. दोन माणसं, सामान, लांबचा रस्ता; त्याला भारी गाडीच पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. स्प्लेंडरवरून परिक्रमा करून आलेले लोक आहेत, हे मी सांगून पाहिलं. गुरुजींनी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर त्यांना ती गाडीच आवडली होती. मग कारण काय, कुठलंही सापडतं.

त्यांचा एक जुना विद्यार्थी अकोल्यात गॅरेज चालवतो. चौथीच्या सहलीत गुरुजींनी पोरांना नगरचं रणगाडा संग्रहालय दाखवलं होतं, तेव्हापासून त्याला यंत्रांचं वेड. बाकीची पोरं डबा खायला बसली आणि हा रणगाड्याच्या पट्ट्यातल्या कड्या मोजत राहिला होता. गाडी त्यानेच नीट तपासून दिली आणि म्हणाला,

“गुरुजी, आठ दिवस नुसती ढकला. अंगणात, उतारावर, मागं-पुढं. मग बसा.”

“अरे, एकोणीस वर्षं गाडी चालवतोय मी.”

“एकच गाडी चालवलीत, गुरुजी.”

गुरुजी हसले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि किक शोधू लागले. किक नव्हतीच. बटण होतं.

पुढच्या आठवड्यात राजूरच्या बाजाराला निघालो तेव्हा मागे मी होतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी इतकी शांत चालली की मला स्वतःच्याच मताची लाज वाटली. एसटी शेजारून गेली तरी अंग हललं नाही. भारी गाडीची हीच गंमत आहे. वेगात असताना तिचं वजन कळतच नाही, ते सगळं थांबताना कळतं.

आणि थांबण्याच्या आधी गिअर येतात. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे, खाली. डावा पंजा दाबला की गिअर वाढतो, टाच दाबली की उतरतो. हिमालयनचा पहिला खाली आणि बाकी सगळे वर. तिथे पंजा दाबला की गिअर कमी होतो. गुरुजींना हे पाठ होतं. विचारलं असतं तर फळ्यावर आकृती काढून समजावलं असतं. पण पायाला कोण विचारतं? गाव दिसायला लागलं, गाडी तिसऱ्यात होती, चौथा टाकायला पंजा सवयीने खाली गेला. दुसरा पडला. इंजिन किंचाळलं, मागचं चाक ओल्या रस्त्यावर घसटत गेलं, माझं कपाळ त्यांच्या हेल्मेटवर आपटलं. गुरुजींनी सावरलं. मात्र मनात धसका बसला आणि त्या धसक्यातच आम्ही बाजारात शिरलो.

समोर मेथीच्या जुड्या घेऊन एक म्हातारी आडवी आली. वेग चालत्या माणसाइतका. हँडल उजवीकडे वळलेलं, गुरुजींनी पुढचा ब्रेक गच्च आवळला आणि उजवा पाय टेकवायला खाली सोडला. तिथे डांबर संपलं होतं. जमीन चार बोटं खाली होती.

गाडी पहिली दोन-चार बोटं कलते तेव्हा ती एका पायावर तोलता येते. त्यापुढे कलली की पैलवानही तिला धरू शकत नाही. आम्ही आपटलो नाही, हळूच आडवे झालो, म्हैस पाण्यात बसते तसे. म्हातारीने जुड्या उचलल्या, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मास्तर, लागलं का वं?”

चौघांनी मिळून गाडी उचलली. दोघांनी हँडल ओढलं, एकाने आरसा धरला, तो त्याच्या हातात आला. वाटेत गुरुजी एक शब्द बोलले नाहीत.

पंधरा दिवस गाडी ताडपत्रीखाली राहिली. त्या काळात ते स्प्लेंडरवर दूध आणायला जात, तेही ताडपत्रीकडे न बघता. शेवटी एका रविवारी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि गॅरेज गाठलं. विद्यार्थी एका डिझेल जीपखाली होता. बाहेर आला, हात पुसले. गुरुजी नुसते म्हणाले, “ढकलायला कुठून सुरुवात करू?”

तो पुढच्या रविवारी शाळेच्या मैदानावर आला. आधी त्याने गोणपाट अंथरलं आणि ती नवीकोरी गाडी उजव्या अंगावर स्वतःच आडवी केली. गुरुजी पायरीवर मटकन बसले.

“उचला.”

“एकट्याने?”

“नर्मदेच्या काठी चौघं कुठून आणणार?”

मग त्याने दाखवलं. आधी चावी बंद. गाडी पहिल्या गिअरमध्ये, म्हणजे घरंगळणार नाही. साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उजवीकडून उचललेली गाडी डावीकडे जाऊन पडेल. हँडल पूर्ण वळवायचं. आणि मग गाडीकडे पाठ करायची. सीटला बूड टेकवून खाली बसायचं, एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा मागे कॅरिअरखाली. कंबर ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर एकेक पाऊल मागे सरकायचं. बाजार समितीतला हमाल कांद्याची गोणी घेताना असाच तिच्याकडे पाठ करतो, समोरून मिठी मारत नाही. गुरुजी दोनदा फसले. तिसऱ्यांदा गाडी उठली आणि स्टँडवर टेकली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पहिल्यांदा ‘अ’ काढणाऱ्या पोरांच्या तोंडावर पाहिलेलं आहे.

“कालच्या पोराकडून शिकतोय मी,” घाम पुसत ते म्हणाले.

“तुम्ही आम्हाला महिनाभर नुसत्या रेघा काढायला लावल्या होत्या, आठवतं? आडव्या, उभ्या, तिरप्या. माझा बाप भांडायला आला होता, पोरगं अक्षर कधी शिकणार म्हणून.”

गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांना आठवत असावं.

आषाढी झाली होती. चातुर्मासात परिक्रमा उचलत नाहीत, आणि त्या वर्षी अधिक श्रावण आल्याने चातुर्मास पाच महिन्यांचा. “देवानेच महिना वाढवून दिलाय,” विद्यार्थी म्हणाला. सकाळी अर्धा तास ढकलणं, मग मैदानाच्या कडेने चालण्याच्या गतीने. अर्धा क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय, पुढचा ब्रेक वळणात अजिबात नाही. रात्री खुर्चीत बसून डाव्या पायाचा पंजा वर उचलायचा, दाबायचा नाही. काकूंना वाटलं वाताने पाय उडतोय.

श्रावणात उघडीप मिळाली तेव्हा त्याने वळणं काढली. मैदान आखायची फक्की शाळेत होतीच. आरटीओत काढायला लावतात तसा आठ तो काढायला लागला, तर गुरुजींनी हात धरला.

“हा इंग्रजी आठ. मराठी शाळेच्या मैदानावर मराठी आकडा काढ.”

“मराठी आठाला वळणच पुरं होत नाही, गुरुजी.”

“मग चार काढ.”

फक्कीचा भला मोठा चार निघाला. वरून तिरपं खाली यायचं, तळाला पूर्ण वेढा घ्यायचा, आपलीच रेघ ओलांडून दुसऱ्या बाजूने वर जायचं. वाडीतली पोरं कंपाउंडवर चढून बसली. गुरुजी वेढ्यापर्यंत झकास यायचे आणि तिथे पाय खाली. प्रत्येक वेळी पोरं ओरडायची, “टेकला!” सात वेळा टेकला.

“गुरुजी, तुम्ही फक्कीकडे बघताय. खाली बघाल तर खालीच जाल. वेढ्यातून बाहेर पडल्यावर जिथं जायचंय तिथं मान वळवा. त्या चाफ्याकडे बघा.”

“पाटीकडे बघ, बाहेर बघू नको, असं मी तुला सांगायचो.”

“हो. आणि मी बाहेरच बघायचो.”

आठव्या खेपेला गुरुजी वरून तिरपे आले, वेढ्यात शिरले, गाडी कलली, मान खांद्यावरून चाफ्याकडे वळली. पाय किंचित सुटला, हवेत थांबला आणि परत पेगवर गेला. चाकं आपलीच रेघ ओलांडून वर निघाली. कंपाउंडवर एकच गिल्ला झाला. गुरुजींनी गाडी थांबवली, हेल्मेट काढलं आणि कौतुकाच्या आशेने विद्यार्थ्याकडे पाहिलं.

तो वाकून फक्की बघत होता. वेढ्यात टायरने रेघ दोन ठिकाणी पुसली होती. त्याने डबा घेतला, ती नीट केली आणि हात झटकत म्हणाला,

“परत.”