धीर देणाऱ्याचे ऋण

गेल्या पावसाळ्यात भाईंदरच्या केबिन रोडवर एक जुने परिचित कारागीर भेटले. पत्र्याची भांडी ज्या ठशांवर दाबून घडवितात, ते ठसे, कारखान्याच्या भाषेत ‘डाय’, बनविण्यात त्यांची हयात गेलेली. मालकाने कारखाना बंद केल्यामुळे ऐन अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते घरी बसले होते. मी सहज म्हणालो, “तुमच्या हातात कसब आहे, स्वतःचा गाळा का घेत नाही?” ते किंचित हसून म्हणाले, “सर, हे मला सगळेच सांगतात. पण पहिले काम कोण देणार, ते कोणी सांगत नाही.”

मी निरुत्तर झालो. ज्याचे वेतन महिन्याच्या ठरल्या दिवशी बिनचूक हाती पडते, त्याने दुसऱ्यास साहसाचा उपदेश करावा काय, हा प्रश्न तेव्हापासून मनात घोळत आहे.

अशा प्रसंगी आपण लक्ष्मणराव किर्लोस्करांचा दाखला देतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावास धंदा मांडला. १९०३ साली लोखंडी नांगर निघाला, तथापि लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. पुढे कारखान्याची जागाही सोडावी लागली. ही कथा स्वावलंबनाची खरीच. परंतु आपण ती अर्धीच सांगतो. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांस नुसता धीर दिला नाही. त्यांनी जागा दिली, भांडवलास कर्ज दिले, आणि म्हणूनच १९१० साली कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांचे धैर्य त्यांचे स्वतःचे होते. पण त्या धैर्याच्या जोखमीत दुसरा कोणी भागीदार झाला होता.

मग ज्याच्यापाशी संस्थान नाही, त्याने मौन धरावे काय? तेही योग्य नव्हे. नोकरी गेलेल्या माणसाच्या मनातून पगाराबरोबर स्वतःची किंमतही उतरते. ती त्यास पुन्हा दाखवून देणे हे स्नेह्याचे कर्तव्यच होय. मात्र कसब आणि कसब यांत भेद आहे. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील हजारो गिरणी कामगार देशोधडीस लागले. त्यांत उत्तम विणकर थोडे नव्हते; पण त्यांचे कौशल्य गिरणीच्या मागाशी बांधलेले, आणि तो माग खांद्यावर टाकून घरी नेता येत नाही. त्यांस ‘स्वतंत्र व्हा’ म्हणणे ही क्रूर थट्टाच ठरली असती. ठसे घडविणाऱ्याचे तसे नाही. त्याची विद्या बहुतांशी त्याच्या डोळ्यांत व बोटांत असते.

म्हणून आधी पारख करावी, मग बोलावे. आणि बोलल्यावर काही अंगाला लावून घ्यावे. काम द्यावे किंवा मिळवून द्यावे, ओळखीच्या नावाखाली भाव पाडू नये, आणि पैसे वेळेवर चुकते करावेत. नोंदणी केलेल्या लहान उद्योजकाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत, असा दंडक २००६ च्या कायद्याने घातला आहे. पण सुताराला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणून परत पाठविणारे आपण सुशिक्षित गृहस्थ कोणत्या कायद्यास भितो? स्वावलंबनाची व्याख्याने देणारे आपणच, आणि स्वावलंबी माणसाचे पैसे अडवून ठेवणारेही आपणच!

त्या गृहस्थांना मी माझ्या परिचयाच्या एका कारखानदाराकडे घेऊन गेलो. एका ठशाचे काम मिळाले. निम्मी रक्कम आगाऊ मिळाली. गाळा घ्यावा की नाही, हे आता त्यांचे त्यांनी ठरवावयाचे. त्याविषयी मी पुन्हा उपदेश केलेला नाही.