पर्यायाची नीती

शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्राफाइट असते. नाव मात्र जुन्या गैरसमजाचे टिकून राहिले आहे. या पेन्सिलीच्या इतिहासातील एक प्रसंग विचार करण्याजोगा आहे. इंग्लंडशी युद्ध जुंपल्यामुळे फ्रान्सला इंग्रजी खाणीतले शुद्ध ग्राफाइट मिळेनासे झाले. तेव्हा १७९५ साली निकोला-जाक काँते याने हलक्या ग्राफाइटची भुकटी चिकणमातीत कालवून भट्टीत भाजली. पेन्सिल तर झालीच. शिवाय मातीचे प्रमाण बदलून ती हवी तशी कठीण वा मऊ करता येऊ लागली. लिहिण्यासाठी शुद्ध खडाच हवा, ही समजूतच मुळात निराधार ठरली.

आज हाच प्रश्न मोठ्या रूपाने उभा आहे. विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्यांना ग्राफाइट लागते. भारत सरकारने २०२३ साली महत्त्वाची म्हणून जी ३० खनिजे निवडली, त्यांत ते आहे. त्याच वर्षी १ डिसेंबरपासून चीनने त्याच्या काही प्रकारांची निर्यात परवान्याखाली आणली. पेट्रोलियम कोक सुमारे ३,००० अंशांपर्यंत तापवून कृत्रिम ग्राफाइट करता येते. परंतु खाणीवरचा भार उतरून तेलावर आणि विजेवर चढला, तर त्यास पर्याय म्हणावे की ओझ्याचा नुसता खांदेपालट? याउलट सोडियमच्या बॅटरीस लागणारा कार्बन आपल्या कोकणात चुलीत जाणाऱ्या करवंटीपासूनही करता येतो. टाकाऊ वस्तूला काम देणारा हा मार्ग निराळा.

याच मार्गाचे एक उदाहरण सुरतेच्या बमरोलीत आहे. तेथील वस्तू मात्र खनिज नसून पाणी आहे. शेजारच्या पांडेसरा येथील रंगाई-छपाईच्या कारखान्यांचे पाण्यावाचून पानही हलत नाही. २०१४ पासून महानगरपालिका शहराचे सांडपाणी बमरोलीत पुन्हा शुद्ध करून त्यांना देऊ लागली. प्रकल्पाची क्षमता दिवसाला ४ कोटी लिटर. कापड धुण्यास पिण्याचे पाणी कशाला, हा येथला मूळ प्रश्न. काँतेचाही प्रश्न याच जातीचा होता.

सुरतेच्या कारखान्यांभोवती खानदेशातून पोटासाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. खानदेशातूनच वाहत आलेल्या तापीचे पाणी आधी त्यांच्या घागरीत पडावे की रंगाच्या हौदात, हा निव्वळ हिशेबाचा प्रश्न नव्हे.

शुद्धीकरणालाही वीज लागते आणि वेगळा काढलेला मळ कोठेतरी जातोच, हे खरे. त्याहून मोठा धोका असा की, वाचलेले पाणी आणखी कारखान्यांनीच पिऊन टाकले, तर घागर रितीच राहावयाची. म्हणून कोणताही पर्याय स्वीकारताना तो किती स्वस्त पडतो एवढेच पाहून भागणार नाही. वाचलेले कोणाच्या वाट्याला गेले आणि भार कोणाच्या डोक्यावर चढला, याचाही जाब द्यावा लागेल. तो देता येत नसेल, तर आपण टंचाई दूर केली नाही, फक्त नजरेआड केली.