मी नसतो त्या रात्री

पणजीत मिरामार-करंजाळ्याच्या किनाऱ्याजवळ दोन रात्रींसाठी खोली शोधायला बसलं तर दहा मिनिटांत मिळते. तशीच खोली महिन्याच्या भाड्याने शोधायला लागलं तर महिना जातो, आणि तरी मिळेलच असं नाही. भिंती त्याच, खिडकी तीच, किनाराही तेवढ्याच अंतरावर. मग ती माझ्यासाठी स्वस्त आणि दुसऱ्या कुणासाठी महाग कशी होते? आणि त्या दुसऱ्या कुणाचं मी काही देणं लागतो का?

आधी स्वस्त खोलीची बाजू मांडतो, कारण ती माझी बाजू आहे. माझं घर जिवती तालुक्यात, चंद्रपूर जिल्ह्याच्या पार टोकाला, माणिकगडच्या डोंगराळ भागात. आमच्याकडे पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून प्राणहितेत, तिथून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. पाणी दरवर्षी समुद्रापर्यंत पोचतं. माणसं मात्र समुद्र न बघताच म्हातारी होतात. नोकरी लागल्यावर मी आई-बाबांना पणजीला नेलं. हॉटेलात दोन खोल्यांचे रात्रीचे सात-आठ हजार होत होते. ॲपवर एक छोटा फ्लॅट मिळाला, बावीसशे रुपये रात्र, सोबत गॅस आणि भांडी. आईने घरून ज्वारीचं पीठ आणलं होतं, तिने तिथे भाकरी केल्या. बाबा संध्याकाळभर वाळूत बसून मांडवी नेमकी कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो, हे शोधत होते.

आपल्याकडे किनारा सगळ्यांचा मानला जातो. वाळूवर बसायला तिकीट लागत नाही. पण जिवतीहून सकाळी निघून, समुद्र बघून, रात्री घरी परतता येत नाही. पाठ टेकायला जागा नसेल तर किनाऱ्यावरचा आपला हक्क कागदावरच राहतो. त्यामुळे ‘सुट्टीसाठी घरं भाड्याने देणं बंद करा’ असं कुणी सहज म्हणालं, की मला विचारावंसं वाटतं, मग समुद्र कुणी बघायचा? ज्याला सात-आठ हजार परवडतात त्यानेच?

आता दुसरी बाजू. किल्ली द्यायला आलेला मुलगा दोडामार्गकडचा होता. अशा सात फ्लॅटांचं काम तो बघायचा. चादरी बदलायच्या, गीझर चालतोय का ते पाहायचं, आलेल्यांना वायफायचा पासवर्ड द्यायचा. फ्लॅटचा मालक दिल्लीकडचा; मुलाने त्याला फक्त व्हिडिओ कॉलवर बघितलेलं. तो स्वतः चिंबलला तिघांत एक खोली घेऊन राहत होता. सात घरांच्या किल्ल्या खिशात, आणि झोपायला खोलीचा तिसरा हिस्सा. मी म्हटलं, “इकडेच का नाही बघत एखादी खोली?” तो हसला. “महिन्यावर कोण देता ओ दादा? सगळी रातीवर देतत.”

त्याचं वाक्य मी नंतर आकड्यांत मांडून पाहिलं. समजा, अशा फ्लॅटचं महिन्याचं भाडं १८,००० रुपये आहे. तोच रात्रीला २,२०० रुपयांनी दिला आणि त्यातला एक तृतीयांश भाग ॲपचं कमिशन, सफाई आणि विजेत गेला, तरी तेरा रात्रींत महिन्याच्या भाड्याहून जास्त पैसे हातात येतात. उरलेल्या सतरा रात्री फ्लॅटला कुलूप असलं तरी मालकाचं काही बिघडत नाही. शिवाय पर्यटक रविवारी आपणहून निघून जातो. भाडेकरू घर सोडेल की नाही, याची धास्ती नाही. मालकाच्या जागी बसून पाहिलं तर यात दुष्टपणा कुठेच नाही, साधी बेरीज-वजाबाकी आहे.

पण मला अडकवतात त्या या सतरा रात्री. माझी खोली स्वस्त आहे, कारण ती थोड्याच रात्री विकली जाऊनही मालकाला परवडते. आणि ती थोड्याच रात्री विकून परवडते, म्हणूनच महिन्याने शोधणाऱ्याला ती मिळत नाही. रात्रीच्या हिशोबातली स्वस्ताई आणि महिन्याच्या हिशोबातली महागाई या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

माझं काम सॉफ्टवेअरचं. बुकिंगची कुठलीही प्रणाली आतून साधारण सारखीच असते. एक टेबल, त्यात खोलीचा क्रमांक, तारीख, दर आणि स्थिती. स्थितीला दोनच किमती, ‘उपलब्ध’ किंवा ‘बुक’. रिकामी रात्र म्हणजे कायमचं नुकसान, कारण कालची रात्र आज विकता येत नाही. म्हणून दर वर-खाली करून ती विकायची. हा विचार व्यवस्थित आणि हुशार आहे. पण त्या टेबलात ‘इथे कोण राहिलं असतं’ असा रकाना नसतो. पडद्यावर मला खोली दिसते, खिडकीतला माड दिसतो, साडेचार तारे दिसतात. किल्लीवाला मुलगा दिसत नाही. मी रात्रीने शोधतो, तो महिन्याने शोधतो. आमची रांग एकच, पण आम्ही एकमेकांसमोर कधी येत नाही.

गंमत अशी की या धंद्याचा जन्मच महिन्याच्या भाड्यातून झाला. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रायन चेस्की आणि जो गेबिया या दोन तरुणांना वाढलेलं घरभाडं परवडेना. शहरात डिझायनरांची परिषद होती, हॉटेलं भरलेली. त्यांनी हॉलमध्ये हवा भरायच्या गाद्या टाकल्या आणि तीन जणांना पैसे घेऊन ठेवून घेतलं. पुढे त्याचंच एअरबीएनबी झालं. त्या पहिल्या रात्री यजमान त्याच घरात होते. पाहुणे आल्यामुळे कुणाची खोली गेली नाही. उलट दोन भाडेकरूंना आपलं घर टिकवता आलं. म्हणजे कल्पनेत खोट नव्हती. यजमान घरातून निघून गेला आणि घर एकटंच पाहुण्यांची वाट बघत राहिलं, तिथून फरक सुरू झाला.

आपल्याकडे ‘अतिथी’ या शब्दाची एक जुनी फोड सांगतात, ज्याची येण्याची तिथी ठरलेली नाही तो. ॲपवरचा पहिला रकाना तारखेचाच असतो. तिथे मी अतिथी नाही, ग्राहक आहे. पैसे देतो म्हणून उपकाराचं ओझं नाही, मान खाली घालावी लागत नाही, जात-गाव कुणी विचारत नाही (काही ठिकाणी अजूनही विचारतात, ते वेगळं). हा फायदा लहान नाही. पण पाहुण्याला एक मर्यादाही असते, ती आपण उपकारासोबत टाकून दिली. म्हण आहे ना, ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’.

इमॅन्युएल कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १७९५ साली शाश्वत शांततेवरच्या निबंधात जवळपास हेच वेगळ्या भाषेत मांडलं. त्याचं म्हणणं असं, की पृथ्वी गोल आहे, माणसं तिच्यावर अनंत पसरू शकत नाहीत, केव्हातरी एकमेकांना सहन करावंच लागतं. मुळात जमिनीच्या एखाद्या तुकड्यावर कुणाचा हक्क दुसऱ्यापेक्षा जास्त नव्हता. म्हणून परक्या प्रदेशात जाण्याचा आणि तिथे शत्रूसारखी वागणूक न मिळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण हा हक्क भेटीचा आहे, वस्तीचा नाही. युरोपातली राष्ट्रं भेटीला म्हणून जातात आणि देश बळकावून बसतात, यावर त्याने त्याच निबंधात कडक टीका केली आहे. गोव्यात बसून हे वाचताना वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही. पोर्तुगीज १५१० साली आले आणि १९६१ साली गेले.

मी कांटचं ऐकायला तयार आहे, कारण भेट आणि वस्ती यांतली रेघ किती पुसट असते ते माझ्या घरात मला माहीत आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबं जिवतीच्या डोंगरावर आली. माझे आजोबा त्यातलेच, नांदेडकडून आलेले. तेव्हा इथे कोलाम आणि गोंड राहत होते. आजोबा सांगायचे, पहिला पावसाळा एका कोलामाच्या मांडवात काढला, त्याने ना तारीख विचारली ना भाडं. आम्ही पाहुणे म्हणून आलो आणि राहिलो. पुढच्या काही दशकांत आदिवासींच्या हातून बऱ्याच जमिनी गेल्या, आणि त्या कशा गेल्या हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर मोठ्याने बोलायला मात्र फार कुणी तयार नसतं. आजोबा भुकेने आले होते, हौसेने नाही. तरीही ज्याचा मांडव होता त्याच्या नातवंडांपाशी आज काय उरलं, हा प्रश्न आजोबांच्या भुकेने पुसला जात नाही. येणाऱ्याची गरज खरी असू शकते आणि राहणाऱ्याचं नुकसानही खरं असू शकतं.

पणजीतल्या खोलीलाही हेच लागू आहे. आई-बाबांना समुद्र दाखवण्याची माझी गरज खोटी नाही. त्या मुलाची चिंबलची तिसरा हिस्सा खोलीही खोटी नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यातली साधारण पाचातली एक वास्तू रिकामी होती, आणि तेव्हा ही ॲपं आपल्याकडे नीट रुजलीही नव्हती. परदेशी गेलेली कुटुंबं, वाटणीचे वाद, गुंतवणूक म्हणून घेतलेले फ्लॅट अशी कारणं जुनी आहेत. मग ॲपने निदान रिकामी घरं वापरात आणली, असं म्हणता येईल. काही घरांबाबत ते खरंही आहे. पण पूर्वी रिकामं घर मालकाला खर्चात पाडायचं. कधीतरी कंटाळून तो भाडेकरू ठेवायचा. आता अर्धा महिना रिकामं असलेलं घरही कमावतं. रिकामेपणाची टोचणीच गेली.

म्हणून मी स्वतःसाठी एक साधा प्रश्न ठरवला आहे. बुकिंगच्या आधी विचारायचं, मी नसतो त्या रात्री इथे कोण झोपतं?

मालवण-तारकर्लीकडे आजही कितीतरी घरांत उत्तर सोपं असतं. घरमालकीण समोरच्या खोलीत असते. मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना, बांगडा तिच्याच चुलीवरचा, आणि रात्री दहानंतर आवाज केला तर ती येऊन सांगते. महाराष्ट्रातली ‘निवास व न्याहारी’ योजना अशाच घरांसाठी आहे. तिथे माझे बावीसशे रुपये कुणाला घराबाहेर काढत नाहीत, तिला घरात ठेवतात. कदाचित मुलगा मुंबईला न जाता गावात राहतो. ज्या घराचं उत्तर ‘कुणीच नाही’ असं असतं, तिथे मी थांबतो आणि पुढचं घर बघतो.

पण प्रत्येक वेळी हे जमेल असं नाही. आई-बाबा सोबत असतील, रात्रीचे अकरा वाजले असतील, तर जे मिळेल ते घ्यावं लागतं. आणि मी एक खोली टाळली म्हणून त्या मुलाला ती मिळणारही नाही. एकेकट्याच्या सज्जनपणाने घरभाडं उतरत नाही, त्याला नियम लागतो. जगात तसे प्रयत्न चालू आहेत. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून नियमाची अंमलबजावणी सुरू केली. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने घर द्यायचं तर नोंदणी हवी, यजमान त्याच घरात हवा, आणि पाहुणे दोनपेक्षा जास्त नकोत. बार्सिलोनाच्या महापौरांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलं, की शहरातल्या १०,१०१ पर्यटक-फ्लॅटांचे परवाने पुढे चालू ठेवायचे नाहीत, नोव्हेंबर २०२८ पर्यंत ते संपवायचे. यातला पहिला नियम मला जास्त पटतो. बार्सिलोनासारखी सरसकट बंदी आली की हॉटेल न परवडणारा पर्यटक आधी बाहेर पडतो. न्यूयॉर्कच्या नियमात पाहुण्याला जागा आहे, फक्त यजमान घरात असला पाहिजे. गोव्यातही पर्यटकांना जागा देणाऱ्याने पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी असा कायदा १९८२ पासून आहे. नोंदणीचा क्रमांक विचारणं हे ग्राहक म्हणून आपण करू शकतो असं सगळ्यात छोटं काम. विचारलं की बरेचदा समोरून थोडा वेळ उत्तरच येत नाही.

अलीकडे पुण्यातले मित्र म्हणतात, तुमच्या डोंगरावर होमस्टे काढ, पावसाळ्यात धुकं असतं, ताडोब्याला येणारे लोक तिकडेही वळतील. बाबांना कल्पना आवडली आहे. आई म्हणते, भाकरी मी करीन, पण पाहुण्यांनी वेळेवर जेवलं पाहिजे. माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे पक्कं आहे. तुम्ही नसाल त्या रात्री इथे आई-बाबाच झोपतील. अडचण वेगळी आहे. पन्नास वर्षं कसलेल्या या जमिनीचा पट्टा आमच्याकडे नाही, कारण ती वनजमीन की महसुली जमीन हा घोळ आमच्या तालुक्यात अजून सुटलेला नाही. वनहक्क कायद्यानुसार बिगर-आदिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. आजोबांना येऊन तेवढी वर्षं झालेली नाहीत. दिल्लीच्या मालकाकडे पणजीच्या फ्लॅटचा कागद आहे आणि तो तिथे राहत नाही. आम्ही इथे राहतो आणि आमच्याकडे कागद नाही.

आम्हाला कागद मिळावा असं मला वाटतं. पण मिळालाच, तर आजोबांना मांडव देणाऱ्या माणसाच्या नातवंडांचा दावा आमच्याआधीचा आहे, हेही मला मान्य करावं लागेल. होमस्टेचा विचार पुढे सरकला तर पहिली बैठक बाबांनी त्यांच्यासोबत करावी, असं मी घरी सांगितलं आहे. बाबा अजून ‘बघू’ म्हणतात.