काटकसर कोणाच्या खर्चानें?

जुनें लुगडें विरलें कीं त्याची गोधडी होई आणि गोधडी विरली कीं तिचीं पायपुसणीं होत, अशा घरांत आम्ही वाढलों. त्यामुळें काटकसर हा निर्भेळ सद्गुण आहे, याविषयीं आम्हांस कधीं शंका आली नव्हती. ती पन्नाशी उलटल्यावर यावी, आणि तीहि एका यू. पी. एस.च्या पेटीमुळें, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु नीतीचे प्रश्न पुष्कळदां अशा क्षुल्लक वस्तूंच्या आडूनच समोर येतात.

वीज एकाएकीं गेली तरी संगणक चालूं राहावा आणि हातांतील काम जतन करण्यास अवधि मिळावा, एवढेंच या पेटीचें प्रयोजन. तिच्या पोटांत शिसें आणि गंधकाम्ल यांच्या बॅटऱ्या असतात. १८५९ सालीं गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानें लाविलेल्या शोधाचेंच हें आजचें बंदिस्त रूप. गांव सोडून जाणाऱ्या एका स्नेह्यानें आपली जुनी पेटी आम्हांस दिली. यंत्र धड होतें. मात्र त्यांतील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या थकल्या होत्या. अशा बॅटऱ्या बहुधा दोन कारणांनीं थकतात. उष्णतेनें त्यांतील पाणी उडून जातें. आणि त्या दीर्घकाळ उतरलेल्या स्थितींत पडून राहिल्या तर शिशाच्या पत्र्यांवर सल्फेटचे कठीण कण धरतात. आम्हीं वरचें झांकण उचकटून प्रत्येक कप्प्यांत पिचकारीनें थोडें ऊर्ध्वपातित पाणी सोडलें आणि मंद प्रवाहानें दोन दिवस त्या भारित केल्या. मापकावर प्रत्येकीचा दाब १२.७ व्होल्टच्या आसपास दिसूं लागला. पेटीवरील हिरवा दिवा लागला. मृतास संजीवनी दिल्याचा आनंद आम्हांस झाला. त्याच आनंदाच्या भरांत, प्रबंध लिहीत असलेल्या आमच्या एका विद्यार्थिनीस आम्हीं ती पेटी देऊन टाकली.

पंधरा दिवसांनीं एका रात्रीं वीज गेली आणि तिच्याबरोबरच पेटीहि बंद पडली. दोन तासांचें लेखन नाहींसें झालें. पेटी परत आणून देतांना ती मुलगी एवढेंच म्हणाली, "सर, दिवा तर हिरवाच होता." तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, म्हणूनच तें आम्हांस अधिक लागलें.

जें आधींच करावयास हवें होतें, तें आम्हीं मग केलें. पेटीस साठ वॅटचे दोन दिवे जोडले आणि भिंतीवरील कळ बंद केली. पाहतां पाहतां एका बॅटरीचा दाब दहा व्होल्टच्या खालीं घसरला. स्वस्थ पडलेल्या बॅटरीचा दाब पुरा असणें आणि तिच्या अंगीं भार वाहण्याची शक्ति असणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत. दिवा खोटें बोलला नव्हता. आम्हींच त्यास पुरतें विचारलें नव्हतें. नव्या बॅटऱ्यांची किंमत आम्हीं वांचविली आणि ती त्या मुलीनें आपल्या श्रमानें भरली. पेटी जुनी आहे हें आम्हीं तिला सांगितलें होतें, असा बचाव मनाशीं करून पाहिला. परंतु "दुरुस्त केली आहे" असें आम्ही म्हणालों होतों. "भार घालून पाहिलेली नाहीं" असें म्हणालों नव्हतों. अर्धें सत्य सांगावें आणि उरलेल्या अर्ध्याचा धोका दुसऱ्याच्या माथीं मारावा, यास काटकसर म्हणतां येत नाहीं.

नव्या बॅटऱ्या घेण्याचें ठरलें. येथेंहि एकच बदलण्याचा मोह झाला. पण एकीमागें एक जोडलेल्या बॅटऱ्यांतून एकच प्रवाह वाहतो, त्यामुळें दुबळी आधीं रिती होते आणि सबळीचेंहि सामर्थ्य वांया जातें. म्हणून दोन्ही घेतल्या. जुन्यांचें काय करावयाचें हा प्रश्न उरला. दुकानदार त्या परत घेत होता. दारावर येणारा भंगारवाला त्याहून शंभर रुपये अधिक देऊं करीत होता. आमचा काटकसरी स्वभाव म्हणाला, शंभर रुपये कां सोडावे?

हे शंभर रुपये येतात कोठून? बॅटरीच्या वजनांत अर्ध्याहून अधिक भाग शिशाचा असतो व तें वितळवून पुन्हां वापरतां येतें. हें काम रीतीनें करावयाचें तर आम्लाची व्यवस्था लावणें, भट्टीचा धूर गाळणें, कामगारांस जपणें, असा खर्च आहे. अंगणांत हातोड्यानें बॅटरी फोडून उघड्यावर शिसें वितळविणाऱ्यास तो नाहीं. न केलेल्या त्या खर्चाचाच एक अंश आमच्या हातीं येणार होता. मग तो भरतो कोण? सेनेगल देशांत डाकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर वस्तींत जुन्या बॅटऱ्यांतील शिसें काढण्याचा धंदा चाले. तेथें नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या अवधींत १८ बालकें दगावलीं. त्यांच्या भावंडांच्या रक्तांत शिशाचें विष सांपडलें. निर्धोक म्हणतां येईल अशी शिशाची कोणतीच मात्रा वैद्यकास ठाऊक नाहीं. आपल्या देशांत २००१ च्या नियमांनीं जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्यांवरहि टाकली, आणि २०२२ च्या नियमांनीं ती मुख्यतः उत्पादकांवर आली. पण ग्राहकानें बॅटरी योग्य हातीं दिली तरच त्या नियमांस कांहीं अर्थ.

भंगारवाल्यासहि पोट आहे, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे, आणि दोष त्याचा नाहीं. परंतु ज्या भट्टीशीं ही सांखळी संपते, तिच्या सर्वांत जवळ गरिबाचींच मुलें असतात. मग दुरुस्तीच सोडून द्यावी काय? तसेंहि नाहीं. धड यंत्र फेंकून नवें आणणें ही उधळपट्टी झाली, आणि तिचाहि भार कोणीतरी वाहतोच. देवळाचा जीर्णोद्धार करतांना भग्न मूर्ति उकिरड्यावर टाकीत नाहींत. तिचें यथाविधि विसर्जन करतात. जुन्यास पुन्हां उभें करणाऱ्यावर अशीं दोन ऋणें असतात. उभें केलेलें भार सोसतें कीं नाहीं हें त्यानें स्वतः पाहिलें पाहिजे, आणि काढून टाकलेलें कोठें जातें हेंहि पाहिलें पाहिजे. काटकसर हा सद्गुण खरा. पण तिचा खर्च आपल्याच खिशांतून जात असेल तोंवरच.

जुन्या बॅटऱ्या आम्हीं दुकानदारास दिल्या. नव्यांवर तेच दोन दिवे अर्धा तास जळाले. तो आंकडा आणि त्या दिवसाची तारीख एका कागदावर लिहून पेटीस चिकटविली व ती पुन्हां त्या विद्यार्थिनीकडे नेली. तिनें कागद आधीं वाचला आणि मगच पेटी ठेवून घेतली. तसेंच करणें योग्य होतें.